उकर्डाभाऊ

माणसाचं नाव उकर्डा असू शकतं, हे आता कोणाला खरं वाटत नाही. माझ्या सुनेसमोर एकदा ते नाव घेतलं तर तिला वाटलं, म्हातारा कोणाला तरी शिव्या देतोय. ती पुण्यात वाढलेली. तिकडे कचरा तो कचरा आणि माणूस तो माणूस. आमच्या गावात या दोघांमध्ये जाणं-येणं होतं.

ज्या बाईची लेकरं जगत नसत, तिला पुढचं लेकरू झालं की सुईण त्याला सुपात घालून घरामागच्या उकिरड्यावर नेऊन ठेवी. टाकून दिलं, म्हणजे कामाचं नाही, म्हणजे यमानंही त्याच्याकडे पाहू नये. मग शेजारची बाई ठरल्याप्रमाणे तिकडून येई. "अवं माय, हे लेकरू कोणाचं पडलं?" असं मोठ्यानं म्हणे. कोणी उत्तर द्यायचं नाही. मग ती उचले, आणून आईच्या ओटीत घाली. त्या लेकराचं नाव उकर्डा. सरकारी कागदावरही तेच.

आमच्या उकर्डाभाऊला उचललं होतं राहीमायनं, पलीकडच्या मोठ्या घरातल्या. त्यामुळे त्या घराशी त्याचं पोटच्या लेकासारखं नातं. हे सगळं आपल्याला आठवतं असं तो शपथेवर सांगे.

"वरतं आभाळ होतं," तो म्हणे, "अन् एक कोंबडी मले पाहून राह्यली होती. तिचा डोळा मी अजून वयखतो."

"तुले डोळे तरी उघडले होते काय बे?" मी म्हणायचो.

"कोंबडीचे उघडे होते ना."

त्याच्या घराची आणि माझ्या घराची भिंत एकच. माझ्यापेक्षा चार पावसाळे मोठा असेल. उंच, पुढे वाकलेला, कान मोठे, डोक्याला कायम मळकट रुमाल. चाले तो खाली पाहून. रस्त्यात काही पडलेलं दिसलं की थांबे, पायाच्या अंगठ्यानं ते उलटं करून पाही, पुन्हा सुलटं करी आणि पुढे जाई. जणू झोपलेल्याच्या अंगावर पांघरूण सारखं केलं. नांदुऱ्याच्या बाजाराला आम्ही बरोबर गेलो की मी थैली भरून परत येई तरी हा अजून मोटारस्टँडच्या कोपऱ्यात एखादी फुटकी बरणी पाहत उभा असायचा.

लोकांना वाटे, याच्या घरात भंगाराचा डोंगर असेल. तसं नव्हतं. त्याच्याइतकं रिकामं घर मी पाहिलं नाही. एक खाट, चूल, भांड्याची मांडणी, खुंटीवर एक सदरा. घरात शिरलं की आपला आवाज आपल्यालाच ऐकू येई. त्याची बायको चंद्रामाय म्हणे, "गावाचं पडलेलं याले दिसते, घरचं पीठ सरलेलं दिसत नाही."

मात्र त्याच्या ओट्यावर एक सूप असायचं. उताणं ठेवलेलं. गल्लीत कोणाकडे काही नकोसं झालं तर त्यानं ते तिथं आणून ठेवायचं. मोठं असलं तर सुपाच्या बाजूला. ज्याला हवं असेल त्यानं यायचं, मोठ्यानं म्हणायचं, "कोणाचं पडलं?" आणि कोणी काही बोललं नाही की उचलून न्यायचं. नियम त्यानंच घातलेला. देणाऱ्याचा उपकार नाही, घेणाऱ्याला लाज नाही. किती घरांतले स्टोव्ह, पाळणे, कंदील, शाळेचे बूट असे एका दारातून दुसऱ्या दारात गेले ते गल्लीला ठाऊक, पण कोणी तोंडानं सांगितलं नाही. एकीच्या अंगावर दुसरीचं लुगडं दिसे आणि दोघी शेजारी बसून शेंगा फोडत असत.

एकदा उकर्डाभाऊनं स्वतःच्या नव्या चपला ओट्यापाशी काढल्या आणि तो आत जेवायला बसला. गल्लीतला भिकाजी आला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, म्हणाला, "कोणाचं पडलं?"

आत घास तोंडाशी थांबला. चंद्रामाय डोळ्यांनी खुणावते, बोला ना. हा गप्प. भिकाजीनं आणखी जोरानं विचारलं, "अरे, कोणाचं पडलं?" हा गप्पच. भिकाजी चपला घालून निघून गेला.

"काऊन नाही बोलले तुमी?" चंद्रामाय भडकली.

"बोलता येत नाही ना वं. नियम आहे."

"तुमचाच नियम!"

"म्हणून तं."

पुढच्या बाजारापर्यंत तो अनवाणी हिंडला. भिकाजीला कळलं तेव्हा तो चपला परत द्यायला आला, तर हा घेईना. म्हणे, तुह्या पायाले बसल्या, आता त्याइले तुही सवय झाली.

कोणीच न उचललेल्या वस्तूचं तो स्वतः पाही. लोखंड भंगारवाल्याला, चिंध्यांचे दोर, लाकूड चुलीला, आणि जे कुजतं ते मागच्या उकिरड्यावर. फक्त पन्नीपुढे त्याचं डोकं चालत नसे. प्लास्टिकची पिशवी दोन बोटांत धरून तो तिला उन्हात पाही आणि म्हणे, "हे मरतच नाही बे. जे मरत नाही ते वावरात काय कामाचं?"

आता उकिरडा म्हणजे काय हेही सांगावं लागेल. आमच्या घरांच्या मागे मोकळी जागा होती, गावाची. तिथं प्रत्येक घराचा आपला ढीग. शेण, राख, झाडलोट, भाजीची देठं, बैलांनी टाकलेली वैरण. भिंत नाही, खूण नाही, पण कोणाचा ढीग कुठं सरतो ते बायकांना अंधारातही कळे. संध्याकाळी चुलींचा धूर त्या जागेवर येऊन उतरायचा आणि तिथंच रेंगाळायचा. आकाश साफ असलं की धुराच्या वर सातपुड्याची निळी रेघ. मी लहानपणी समजायचो की तो डोंगरही कोणाचा तरी जुना ढीगच आहे, उचलायचा राहून गेलेला. आताही संध्याकाळी मागच्या दारात बसलो की मला ते खरं वाटायला लागतं. म्हातारपणी डोळे पाणावलेले असतात, त्यात सगळं एकमेकांत मिसळतं.

मग जनावरं विकली गेली. शेण गेलं, पाकिटं आली. घंटागाडी आली, काही महिने गावभर गाणं वाजवत फिरली, मग ग्रामपंचायतीच्या आवारात उभी राहिली ती उभीच. तिच्या चाकावर कारल्याचा वेल चढला. लोक मागच्या दारातून पिशव्या भिरकावू लागले. आणि सडकेवर गजाननचं लॉन झालं. गजानन म्हणजे राहीमायचा नातू, गज्या. लग्न लागलं की दुसऱ्या दिवशी त्याची ट्रॉली यायची आणि आमच्या मागे उलटी व्हायची. थर्माकोलच्या ताटल्या, पाण्याचे पाऊच, उष्टा भात, फुगे. कुत्री ओढायची, वारा उडवायचा. बाभळीला थर्माकोलचा मोहर यायचा.

उकर्डाभाऊला एवढीच काळजी लागली, की ती जागा राहते की जाते. त्याला पोरबाळ नव्हतं. भाजीचा मळा तेवढा होता आणि मळ्याला लागणारं खत त्या जागेवरून यायचं. पण गोष्ट खताची नव्हती. "लोकाइचा जनम दवाखान्यात होते," तो म्हणे, "त्याइले ते दवाखाने पाहाले भेटतात. माह्यं जनमठिकाण हे आहे. याच्यावर मले दिसता दिसता पन्नी चढून राह्यली."

गल्लीतल्या पोरांनी उपाय काढला. एक मोठा दगड आणला, त्याला शेंदूर फासला आणि ट्रॉली जिथून वळते तिथं मांडला. देवापुढे कोण घाण टाकेल? उकर्डाभाऊ तेवढा चिडला. "देवाले कचऱ्याचा चौकीदार करता काय बे? त्याले रजा नाही, पगार नाही."

पण उपाय लागू पडला. ट्रॉली यायची थांबली. पिशव्या थांबल्या. महिनाभर जागा कशी निवांत, उन्हात पडलेली. मग कोणीतरी घरातला काच फुटलेला देवाचा फोटो आणून त्या दगडाला टेकवून ठेवला. देवाचा फोटो कचऱ्यात कसा टाकायचा, देवाजवळच ठेवू. दुसऱ्यानं खंडित मूर्ती आणली. मग सुकलेले हार, नारळाच्या करवंट्या, प्लास्टिकच्या माळा, गेल्या वर्षीची मखरं, आजीची पोथी, बंद पडलेलं आरतीचं मशीन. बघता बघता पहिल्यापेक्षा मोठा ढीग झाला. आणि याला हात कोण लावणार? लोक पाया पडून टाकत आणि पाया पडून जात.

आमची बुढी, माझी बायको, तेव्हा होती. ती म्हणाली, "आता तं देवाले हटवणारा माणूसच पाह्यजे." आणि तिनं भिंतीपलीकडे पाहिलं.

उकर्डाभाऊ एका सकाळी आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून तिथं जाऊन बसला. गल्ली लांब उभी. त्यानं एकेक फोटो मांडीवर घेतला, खिळे काढले, काच वेगळी, लाकूड वेगळं. कागदावरच्या देवाला बादलीत बुडवायचा, रंग पाण्यात उतरायचा, देव पांढरा व्हायचा, मग तो लगदा कडुनिंबाच्या मुळाशी. मातीच्या मूर्ती पाण्यात विरघळवल्या. दिवसभर चाललं. बादलीतलं पाणी कधी निळं, कधी केशरी. दुपारच्या उन्हात ते पाणी तो ओतायचा तेव्हा जमिनीवर रंग सरपटत जायचे. मला अजून दिसतात.

शेवटी त्यानं शेंदराच्या दगडाला हात घातला. मागून एक बाई ओरडली, "बुढा मरीन ना वो!"

"हा दगड माह्याच गोठ्याच्या भिंतीचा आहे," तो म्हणाला. "तरीच म्हणलं, भिंतीतून वारा कुठून येऊन राह्यला." आणि दगड खांद्यावर घेऊन घरी गेला. शेंदराची बाजू आत करून भिंतीत बसवला. पंधरा दिवसांत ट्रॉली परत यायला लागली.

त्याच वर्षी कार्तिकात माझी बुढी गेली. तिच्याबद्दल मी इथं लिहीत नाही. जमत नाही. फक्त गादीचं सांगतो.

आमच्याकडे रीत आहे, मेलेल्या माणसाचं अंथरूण-पांघरूण घरात ठेवत नाहीत. मसणवटीच्या वाटेवर नाल्यात नेऊन टाकतात. त्या नाल्यात उतरलं की गावातल्या सगळ्या गेलेल्यांच्या गाद्या पडलेल्या दिसतात, पावसानं फुगलेल्या, कोणाची फुलाफुलांची, कोणाची पट्ट्यापट्ट्यांची. जणू सगळे तिथंच उतरून झोपलेत. माझ्या पुतण्यानं बुढीची गादी गुंडाळून डोक्यावर घेतली. दारात उकर्डाभाऊ उभा.

"कुठी चालला?"

"नाल्यावर, काका. रीत आहे."

"कोणाची आहे गादी?"

"काकूची."

"मंग नाल्यात कोण निजते? काकू?" त्यानं पुतण्याच्या डोक्यावरून गादी खाली घेतली. जमलेले लोक म्हणाले, उकर्डाभाऊ, इथं तुमचं नका चालवू, मेल्याचं अंथरूण आहे. त्यानं ऐकलं नाही. पिंजाऱ्याला बोलावून आणला. अंगणात गादी उसवली. आमच्याच वावरातला कापूस होता तो, बुढीनं स्वतः वेचलेला. आता पिंजारी यंत्र घेऊन येतो, त्यानं ते सुरू केलं आणि अंगणात कापूस उडायला लागला. उन्हात तरंगत राहिला. माझ्या मिशीला लागला, तुळशीवर बसला, पुतण्याच्या केसांवर बसला. सगळे रडणं थांबवून वर पाहत होते. मला वाटलं ती आता स्वयंपाकघरातून येईल आणि म्हणेल, किती पसारा केला मेल्यांनो.

नव्या खोळीत कापूस भरला. उकर्डाभाऊनं गादी माझ्या खाटेवर टाकली आणि हातानं थापटली.

"यावर कोण निजीन?" मी विचारलं.

"तू. बायको तुही होती, नाल्याची नोती."

मी त्याच गादीवर निजतो. सुनेला आवडत नाही. ती गावी आली की नाक मुरडते आणि मुलाला हळूच काहीतरी सांगते. मुलगा म्हणतो, बाबा, नवी आणू. मी म्हणतो, आण, ओट्यावर ठेव, कोणीतरी नेईल.

मार्गशीर्षात लग्नं सुरू झाली. गज्याच्या ट्रॉल्या रोज येऊ लागल्या. एका सकाळी उकर्डाभाऊनं मला हाक मारली. "शाम्या, गज्याच्या लॉनवर चाल. बैल धराले माणूस पाह्यजे." मी म्हटलं, मला सुतक-दुःख आहे, मी लग्नात येत नाही. तो म्हणाला, "तू फाटकाच्या बाहीर राहजो."

गावात बैल उरले होते ते भिकाजीचेच, त्याचीच गाडी मागून आणलेली. तिच्यात आदल्या दिवशीच्या ताटल्यांची पोती भरलेली, तोंडं नीट शिवलेली. लॉनवर डीजे चालू होता. मी फाटकाशी बैलांच्या वेसणी धरून उभा. उकर्डाभाऊ एक पोतं पाठीवर घेऊन आत गेला आणि स्टेजपुढे आहेराच्या रांगेत जाऊन उभा राहिला. धुतलेलं धोतर, डोक्याला नवा रुमाल. पुढे पैठण्या, मागे सफारी, मधे हा. रांग सरकत होती तसा सरकत होता. कोणी त्याला हटकलं नाही, कारण तो फारच व्यवस्थित उभा होता.

त्यानं नवरदेव-नवरीसमोर पोतं ठेवलं. गज्या धावत आला.

"काका, हे काय?"

"आहेर."

"कोणाचा?"

"तुहाच. कालच्या लग्नातला आमच्या मांगं राह्यला होता. इसरला असशीन."

डीजे थांबला. नवरीच्या बापानं विचारलं, हा माणूस कोण आहे? गज्याचं तोंड लाल झालं होतं. मला वाटलं आता हा म्हणेल, गावातला येडा आहे, काढा बाहेर. पण गज्या म्हणाला, "माहे काका आहेत." मग त्याला दंडाला धरून फाटकापर्यंत, माझ्यापाशी, आणलं. "काका, तुमी माही इज्जत घेतली."

उकर्डाभाऊचा आवाज हळू होता. "गज्या, तुही आजी मले उचलाले आली तवा तिनं नाकाले पदर नोता लावला. सारं गाव सोडून तू तिथीच काऊन टाकून राह्यला बे?"

गज्यानं गाडीतल्या पोत्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, "मंग दुसरी जागा सांगा, काका. कुठी टाकू?"

 उकर्डाभाऊनं माझ्याकडे पाहिलं. मी बैलांकडे. बैलांनी माना हलवल्या, घुंगरं वाजली, तेवढंच.

परतताना तो गाडीत बसला नाही, मागून खाली पाहत चालला. ट्रॉली आमच्या मागे यायची थांबली. गल्लीनं पेढे वाटायचं तेवढं बाकी ठेवलं. पण आठवड्यानं त्याला कळलं की ती आता पुलापलीकडच्या नाल्यात उलटी होते. तो तिथं जाऊन उभा राहून आला. "जिंकलो नाही बे," म्हणाला. "माह्या आंगणातलं दुसऱ्याच्या आंगणात लोटलं."

मग तोच पुन्हा गज्याकडे गेला. काय बोलले ते मला ठाऊक नाही. चंद्रामायनं सांगितलं की दोघं लॉनच्या मागे उष्ट्याच्या डब्यावर बसून दुपारभर भांडले आणि गज्यानं चहा पाजला. त्यानंतर गज्याचा माणूस उष्टा भात, भाजीची सालं, पळसाच्या पत्रावळी आमच्या मागे आणून टाकू लागला. उकर्डाभाऊ त्यावर राख आणि माती पसरायचा. पन्नी गज्या आपल्या कुंपणाच्या आत पोत्यांत भरून ठेवायचा. पुढे ती कुठं जायची ते गज्याला ठाऊक. सगळं गाव काही सुधारलं नाही. नाल्यात आजही ताटल्या तरंगतात. पण ती एक जागा त्या थंडीत पुन्हा उकिरडा झाली. काळी, उंच, कडेनं कोंबड्या उकरताहेत अशी.

चैत्रात उकर्डाभाऊ गेला तेव्हा मी मुलाकडे पुण्याला होतो. मला कोणी लवकर कळवलं नाही. म्हणून त्याचं मरण माझ्याजवळ नाही. माझ्याजवळ आहे ती माघातली सकाळ.

उन्हाळी भाजी लावायची होती, मळ्याला खत हवं होतं. मी दार उघडलं तर बाहेर धुकं, बोटं वाकत नाहीत अशी थंडी. मागून फावड्याचा आवाज येत होता. जाऊन पाहिलं तर त्यानं ढीग फोडला होता. आतून वाफ निघत होती, ढिगाच्या पोटातून, सरळ वर. वास घाण नव्हता. वखराची पहिली पाळी घातल्यावर वावराला येतो तसा होता. मी टोपली धरली, त्यानं भरली, आम्ही भिकाजीची गाडी भरली. सूर्य वर आला तेव्हा ढीग सपाट झाला होता आणि खालची जमीन दिसत होती, कित्येक वर्षांत न दिसलेली, ओली, साधी.

तो चाक धरून गाडीवर चढला आणि खताच्या वरच बसला. कासरा सैल सोडला. बैलांना मळ्याची वाट ठाऊक होती. गाडी पांदणीला लागली. चारी बाजूंनी वाफ निघत होती आणि मधे हा, कमरेपासून वर दिसणारा, डोकं थोडं झुकलेलं. मला वाटलं पेंगला, पडेल.

मी ओरडलो, "उकर्डाभाऊ, झोपला काय? थंडी किती आहे!"

त्यानं मागे पाहिलं नाही. हात तेवढा वर केला.

"कोणाले थंडी?" तो म्हणाला. "माह्या बुडाखाली चूल पेटली आहे बे."

गाडी बाभळींच्या मागे वळली. वाफ मात्र वाटेवर तशीच राहिली, गाडी गेल्यावरही, बराच वेळ.